बाजारभावाचा रोजचा तक्ता: त्यातला आपला आकडा कोणता?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

आमच्या गावात सकाळी साडेदहाच्या सुमारास प्रत्येकाच्या फोनवर कांद्याचा भाव येऊन पडतो. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव, मनमाड, येवला अशी नावे आणि त्यांच्यापुढे क्विंटलमागे रुपयांचे तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. गेली काही वर्षे मी पाहतो आहे की चावडीवर चर्चा फक्त कमाल आकड्याची होते. ‘आज चोवीसशेने गेला’ असे कोणीतरी म्हणतो, दुपारपर्यंत चार ट्रॉल्या भरल्या जातात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतल्या तिघांना सोळाशेच्या आत भाव मिळाला की ‘बाजार पडला’ अशी हाकाटी होते. बाजार पडलेला नसतो. चोवीसशेचा भाव एका ट्रॉलीचा होता आणि ती ट्रॉली आपली नव्हती, एवढेच झालेले असते. हा तक्ता नीट वाचायचा कसा, यावर येथील जाणकारांशी सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

आधी मला जे समजले आहे ते मांडतो. समजा एका दिवशी बाजारात प्रत्येकी पंचवीस क्विंटलच्या दहा ट्रॉल्या आल्या. त्यांतली एक निवडक, एकसारख्या आकाराची, रंगदार मालाची होती आणि तिला 2,400 रुपये मिळाले. सहा ट्रॉल्या मध्यम मालाच्या होत्या, त्या 1,600 ने गेल्या. तीन ट्रॉल्यांत गोल्टी (बारीक कांदा) आणि भिजलेला माल होता, त्या 700 ने गेल्या. कमाल 2,400, किमान 700, आणि ज्या दराने सर्वांत जास्त माल विकला गेला तो सर्वसाधारण दर 1,600. दहाही ट्रॉल्यांची खरी सरासरी काढली तर ती 1,410 येते. दुसऱ्या दिवशी गोल्टीवाले तिघे आलेच नाहीत आणि बाकी सातही ट्रॉल्या आदल्या दिवशीच्याच दराने गेल्या, असे धरू. आता सरासरी 1,714 झाली. कोणालाही एक रुपया जास्त मिळालेला नाही, तरीही सरासरी पाहणारा माणूस ‘एका दिवसात तीनशे रुपयांनी सुधारणा’ असेच लिहील. रोजच्या चढउताराचा बराचसा भाग असा असतो: भाव बदललेला नसतो, त्या दिवशी आलेल्या मालाची प्रत बदललेली असते.

म्हणून मी आता सर्वांत आधी आवक पाहतो, नंतर सर्वसाधारण दर, आणि कमाल दर सर्वांत शेवटी. आवकही एका दिवसाची पाहून उपयोग नाही. रविवारची सुट्टी, सणाची सुट्टी, अनेक ठिकाणी पाळली जाणारी अमावस्येची सुट्टी यांनंतरच्या पहिल्या दिवशी दोन-तीन दिवसांचा माल एकदम येतो. त्या दिवशीचा उतरता दर हा सुट्टीचा परिणाम असतो, मागणी घटल्याचा नव्हे. शक्यतो सोमवारची तुलना मागच्या सोमवारशीच करावी, असे माझे मत झाले आहे.

आणखी एक गोष्ट कांद्यापुरती. लाल पोळ, रांगडा आणि उन्हाळ हे हंगामानुसार तीन वेगवेगळे माल आहेत. लाल आणि रांगडा फार काळ टिकत नाहीत, काढले की विकावेच लागतात. उन्हाळ कांदा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) चार-सहा महिने राहतो. हंगाम बदलताना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, एकाच दिवशी एकाच आवारात चाळीतला जुना उन्हाळ आणि शेतातून आलेला ओला लाल असे दोन्ही विकले जातात. त्या दिवसांत तक्त्यातला ‘जात’ हा रकाना न वाचता केवळ ‘कांदा’ म्हणून भाव सांगणे म्हणजे ऐकणाऱ्याची दिशाभूल आहे, मग ती हेतुपुरस्सर नसली तरी.

मांजरातीर

धागा अत्यंत आवश्यक आहे. मी लातूरच्या मोंढ्यावर (धान्याच्या बाजारावर) अवलंबून असलेला सोयाबीन उत्पादक आहे, त्यामुळे माझे म्हणणे धान्याच्या बाजूने मांडतो.

आमच्याकडे प्रतीचा प्रश्न मुख्यतः ओलाव्याचा आहे. खरेदीचे प्रमाण बारा टक्के ओलाव्याचे. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात रास होऊन थेट बाजारात आलेल्या सोयाबीनमध्ये अठरा-वीस टक्के ओलावा सहज सापडतो. हिशेब साधा आहे. अठरा टक्के ओलावा असलेल्या शंभर किलो सोयाबीनमध्ये ब्याऐंशी किलो कोरडा भाग असतो, आणि तोच माल बारा टक्क्यांपर्यंत वाळवला तर त्याचे वजन त्र्याण्णव किलोच्या आसपास भरते. म्हणजे वाळलेल्या मालाला 4,200 रुपये दर असेल, तर ओल्या मालाचा बरोबरीचा दर सुमारे 3,915 होतो. तक्त्यात मात्र 3,900 आणि 4,200 असे दोन आकडे शेजारीशेजारी दिसतात आणि वाचणाऱ्याला वाटते की तीनशे रुपयांची लूट झाली. लूट होत नाही असे मी म्हणत नाही. ओलाव्याचे यंत्र न लावता मूठभर दाणे दाताखाली चावून केलेली कपात या हिशेबापेक्षा बहुधा जास्तच असते. परंतु कपात किती रास्त आणि किती जास्तीची, हे आपल्याला आधी स्वतः मोजता आले पाहिजे. त्यासाठी गावात एक ओलावामापक असणे मला फार महत्त्वाचे वाटते. आमच्या गटाने वर्गणी काढून तो घेतला आहे.

दुसरा मुद्दा हमीभावाचा. सोयाबीनचा हमीभाव 2023-24 मध्ये 4,600, 2024-25 मध्ये 4,892 आणि 2025-26 मध्ये 5,328 रुपये होता. यांतल्या शेवटच्या दोन वर्षांत काढणीच्या हंगामात बाजारातला सर्वसाधारण दर हमीभावाच्या खालीच राहिला. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने हमीभावाच्या खरेदीसाठी पंधरा टक्क्यांपर्यंतचा ओलावा मान्य केला, तेव्हा आमच्या भागातल्या ज्यांनी दिवाळीच्या खर्चासाठी आधीच माल विकला होता त्यांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही. हे मी स्वतः अनुभवले आहे, कारण आमचे निम्मे सोयाबीन त्याआधी गेले होते.

आणि शेवटचे: मोंढ्यातला सकाळचा दर मोंढ्यात ठरत नाही, असे म्हटले तरी चालेल. तेल गिरण्या आपल्या खरेदीचा दर सकाळी कळवतात आणि सौद्याची सुरुवात तेथून होते. गिरणीचा दर तेल आणि पेंड यांवर ठरतो. 14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयातशुल्क शून्यावरून वीस टक्के झाले, तरी सोयाबीन अपेक्षेइतके चढले नाही, कारण पेंडेला उठाव नव्हता. इथेनॉलच्या कारखान्यांतून मका आणि तांदळाचा जो प्रथिनयुक्त चोथा बाहेर पडतो तो पशुखाद्यात पेंडेपेक्षा स्वस्तात बसू लागला होता. 30 मे 2025 रोजी ते शुल्क पुन्हा दहा टक्क्यांवर आले. ज्याला सोयाबीनचा रोजचा भाव समजून घ्यायचा आहे त्याने तेल आणि पेंड यांचे भावही शेजारी लिहून ठेवावेत, नाहीतर चढउतार निष्कारण झाल्यासारखा वाटत राहतो.

दावणीचा

वरील दोन्ही प्रतिसाद वाचले आणि जनावरांच्या बाजाराबद्दल लिहिल्याशिवाय राहवले नाही, कारण तेथे तर तक्ता जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

कांदा क्विंटलवर जातो, जनावर नगावर जाते. एका बाजाराच्या तक्त्यात ‘म्हैस, आवक अमुक नग, किमान इतके, कमाल इतके’ असे छापून येते तेव्हा किमान आणि कमाल यांत तिप्पट-चौपट अंतर असू शकते, आणि त्या अंतराचे कारण तक्त्यात कोठेच नसते. म्हैस मुऱ्हा आहे की पंढरपुरी की जाफराबादी, कितव्या वेताची आहे, व्यायला किती दिवस झाले, खाली रेडी आहे की रेडा, दोन वेळचे मिळून दूध किती, सड चारही सारखे चालतात का, यांतल्या प्रत्येक गोष्टीला पैसे असतात. गाभण म्हैस घेणारा पुढच्या दुधाची किंमत मोजतो, ताजी व्यायलेली घेणारा आजच्या दुधाची, आणि आटलेली घेणारा तिला पोसण्याचा खर्च वजा करून बोलतो. या तिघांचे भाव एका ओळीत लिहून त्यांचा ‘सर्वसाधारण दर’ काढण्याला काही अर्थ उरत नाही.

बैलाचे त्याहून अवघड. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला (सर्व दात आलेला) अशी वयाची मोजणी दातांवरून होते, पण जोडीला भाव येतो तो दोघांची उंची, रंग, शिंगे आणि चाल जुळण्याला. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात खिलार खोंड पाहणारी माणसे दहा मिनिटे केवळ त्याचे चालणे पाहत उभी असतात. एकट्या बैलाच्या किमतीची दुप्पट म्हणजे जोडीची किंमत नव्हे. जुळलेल्या जोडीला त्याहून बरेच जास्त मिळतात आणि जोडीतला एक गेला की उरलेल्याचा भाव निम्म्याहूनही खाली येतो.

शिवाय अनेक बाजारांत सौदा अजूनही रुमालाखाली बोटे धरून होतो. हेड्या (जनावरांचा दलाल) आणि गिऱ्हाईक यांच्यात ठरलेली खरी रक्कम शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही. पावतीवर काय लिहिले जाते आणि प्रत्यक्षात काय दिले जाते, हे नेहमी एकच असते असे नाही. एकदा मी दुसऱ्या वेताची म्हैस घेतली, तिची कास पाहून दिवसाला बारा लिटरचा अंदाज केला आणि घरी आल्यावर ती सात लिटरवर थांबली. बाजाराच्या आदल्या दिवशी धार न काढता कास तटवून आणली होती, हे मला दोन दिवसांनी कळले. तेव्हापासून मी शुक्रवारी घोडेगावला जाताना मुक्कामाच्या तयारीने जातो, संध्याकाळची आणि सकाळची अशा दोन्ही धारा स्वतः काढून पाहतो आणि मगच इसार देतो.

मग जनावरांच्या भावाची दिशा ओळखायची कशी? माझ्या मते तीन गोष्टींवरून. पहिली म्हणजे चारा. कडब्याचा शेकडा दर आणि ओल्या मक्याचा गुंठ्याचा दर चढू लागला की पुढच्या दोन-तीन बाजारांत जनावरांची आवक वाढते आणि भाव बसतात. दुष्काळात हे सर्वांत क्रूरपणे दिसते: विकणारे सगळे आणि घेणारा कोणी नाही. दुसरी म्हणजे दुधाचा खरेदी दर, कारण दुभत्या जनावराची किंमत शेवटी त्यावरच उभी असते. तिसरी म्हणजे कायदा आणि रोग. मार्च 2015 पासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यानंतर म्हाताऱ्या बैलाला बाजारात जी शेवटची किंमत असे ती जवळजवळ संपली. ती किंमत नव्या जोडीच्या खरेदीत भर घालत असे, हे शेती न करणाऱ्यांच्या फारसे लक्षात येत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये लम्पीमुळे गुरांचे बाजारच बंद झाले. त्या काळात तक्ते कोरे होते, आणि ज्याला लेकीच्या लग्नासाठी गाय विकायची होती त्याने गोठ्यातच, मिळेल त्या भावात ती दिली.

गिरणाकाठ

दावणीचा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. कांद्याच्या ट्रॉलीतही वरचा थर आणि खालचा थर वेगळा असण्याची तक्रार व्यापारी करतात, आणि काही वेळा ती खरी असते. माल खाली ओतल्यावर भाव तोडला जातो, त्या वेळी शेतकऱ्याच्या हातात काही उरत नाही, कारण रिकामी झालेली ट्रॉली पुन्हा भरणे शक्य नसते. आमच्या भागातील एका बाजार समितीत माझ्या बाबतीत हे घडले. लिलावात 1,350 ने पुकारलेला माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर (माल उतरवण्याच्या जागेवर) गेल्यावर 1,150 ला द्यावा लागला. त्या दिवशीच्या तक्त्यात 1,350 हाच आकडा गेला असणार. तेव्हा तक्त्यातला दर हा पुकारलेला दर आहे, हातात पडलेला नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागेल. हमाली, तोलाई, वाराई आणि गाडीभाडे त्यातून आणखी वजा होते.

कोथरूडची ग्राहक

मी शेतकरी नाही, पण रोज हा धागा वाचत आहे आणि मनापासून एक प्रश्न विचारते. लासलगावला सोळा रुपये किलोचा कांदा आमच्याकडे पस्तीसला मिळतो, आणि तेथे भाव उतरल्याची बातमी आली तरी आमच्याकडे तो आठ-दहा दिवस उतरत नाही. हे अंतर कोठे जाते?

गिरणाकाठ

ताई, प्रश्न रास्त आहे. लिलावातल्या कांद्याची व्यापाऱ्याच्या खळ्यावर निवड होते, त्यात गोल्टी, जोडकांदा आणि सडका माल बाजूला निघतो. मग गोणी, भरणे, वाहतूक, पुण्याच्या बाजारातला खर्च, तेथून किरकोळ विक्रेत्याकडे जाताना होणारी घट आणि त्याचे स्वतःचे पोट. फळे-भाजीपाल्यावरची अडत (अडत्याची दलाली) शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा बदल राज्याने 2016 मध्ये केला, त्यामुळे तो खर्चही पुढे ग्राहकाच्या दरात मिसळतो. भाव उतरूनही तुमच्याकडे लगेच का उतरत नाही, त्याचे कारण असे की विक्रेत्याकडे जुन्या दराने घेतलेला माल असतो. चढताना मात्र तो वाट पाहत नाही, ही तुमची तक्रार मला मान्य आहे.

कुक्कुटपालक

अंड्यांचा आणि कोंबडीचा भाव हा पिकांचा आणि जनावरांचा बाजार जोडणारा दुवा आहे, म्हणून माझी भर.

अंड्यांचा दर राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोज जाहीर करते, तो शंभर अंड्यांचा असतो. ही समिती 1982 मध्ये उत्पादकांनी एकत्र येऊन उभारली, त्याआधी भाव व्यापारी सांगतील तो असे. जाहीर दर हा सूचक आहे. प्रत्यक्ष व्यवहारात मंदीच्या दिवसांत त्यातून काही पैसे सोडावे लागतात. ब्रॉयलरचा दर जिवंत वजनावर, किलोला, शेडच्या दारातला असतो आणि तो एका आठवड्यात वीस-पंचवीस रुपयांनी हलू शकतो. कारण साधे आहे: साधारण चाळीस-बेचाळीस दिवसांचा पक्षी तयार झाला की तो ठेवून घेणे परवडत नाही, रोज तो खातच असतो. कांद्याला निदान चाळ आहे, आम्हाला चाळ नाही.

मागणीची बाजू पंचांग पाहिल्याशिवाय समजत नाही. आखाडात दर चढतो, श्रावणात बसतो, नवरात्रात पुन्हा बसतो, थंडीत अंडी चढतात. 2023 मध्ये अधिक श्रावण आला, त्यामुळे 18 जुलैपासून 15 सप्टेंबरपर्यंत श्रावणच होता. पुष्कळ घरांत निज श्रावणच पाळला गेला, तरीही ज्यांनी इंग्रजी तारखेवरून मागच्या वर्षाशी तुलना करून पिल्ले टाकली त्यांचा अंदाज चुकला. बोकडांचेही तेच. बकरी ईद दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते: 2023 मध्ये 29 जून, 2024 मध्ये 17 जून, 2025 मध्ये 7 जून. चाकणच्या शनिवारच्या बाजारातला जूनच्या तिसऱ्या आठवड्यातला बोकडाचा दर 2023 मध्ये सणाच्या तोंडावरचा होता आणि 2025 मध्ये सण उलटून गेल्यानंतरचा. त्या दोन आकड्यांची तुलना करून तेजी-मंदी सांगणे चूक आहे.

खर्चाची बाजू म्हणजे मका आणि सोयापेंड. मांजरातीर यांनी पेंड स्वस्त झाल्याबद्दल लिहिले आहे, ते त्यांच्यासाठी दुःखाचे आणि माझ्यासाठी दिलाशाचे होते, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. परंतु त्याच इथेनॉलने मका महाग केला, त्यामुळे दिलासा फार टिकला नाही.

मांजरातीर

कुक्कुटपालक यांनी इतक्या मोकळेपणाने लिहिले याचे बरे वाटले. एक विचारायचे होते. गिरणाकाठ, निर्यातीच्या निर्णयांचा परिणाम तक्त्यात किती लवकर दिसतो?

गिरणाकाठ

त्याच दिवशी, आणि काही वेळा तक्ताच नाहीसा होतो. 19 ऑगस्ट 2023 ला कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लागले आणि त्याच्या निषेधार्थ नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद राहिले. ऑक्टोबरअखेर टनाला आठशे डॉलर किमान निर्यातमूल्य आले, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निर्यातच बंद झाली. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण साडेपाचशे डॉलरचे किमान मूल्य आणि चाळीस टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य गेले व शुल्क वीस टक्के झाले, आणि 1 एप्रिल 2025 पासून शुल्कही गेले. या प्रत्येक तारखेच्या आसपासचा दर आवकेवरून समजावून सांगता येत नाही. मी माझ्या वहीत अशा तारखांना लाल रेघ मारतो, म्हणजे पुढे सरासरी काढताना ते आठवडे वेगळे ठेवता येतात.

चाळीच्या बाबतीतला हिशेबही येथेच देतो, कारण ‘थांबा, भाव वाढेल’ असा सल्ला या तक्त्यांवरूनच दिला जातो. एप्रिलमध्ये शंभर क्विंटल उन्हाळ कांदा 1,200 ने विकला तर 1,20,000 रुपये येतात. तोच चाळीत ठेवला, सप्टेंबरपर्यंत वजनातली घट आणि सड मिळून तीस टक्के गेली आणि 1,700 भाव मिळाला, तर सत्तर क्विंटलचे 1,19,000 होतात. पाचशे रुपयांची तेजी येऊनही पाच महिन्यांच्या राखणीचे काहीच मिळाले नाही. ओल्या वर्षी घट याहून जास्त होते.

मांजरातीर

हा हिशेब सोयाबीनला जास्त अनुकूल आहे, कारण कोरडे सोयाबीन गोदामात कांद्यासारखे सडत नाही. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. सहा महिन्यांसाठी व्याज सहा टक्के दराने आहे. 4,000 रुपयांच्या शंभर क्विंटलवर तीन लाख रुपये उचलले तर सहा महिन्यांचे व्याज 9,000 होते, म्हणजे क्विंटलला नव्वद रुपये. ऑक्टोबर आणि मार्च यांतल्या सर्वसाधारण दराचा, सारख्याच ओलाव्याच्या मालाचा फरक नव्वदपेक्षा बराच जास्त राहिला का, हे मी आता मागच्या पाच हंगामांच्या तक्त्यांतून काढत आहे. दोन हंगामांचे आकडे झाले आहेत, उरलेले तीन पुढच्या आठवड्यात येथेच लिहितो.